वायरिंग आणि आर्डुइनो : एका हौशी साधनाच्या कुळाची चिकित्सा

१

इलेक्ट्रॉनिकीचा हौशी अभ्यास नव्याने आरंभणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती आज बहुधा जी पहिली वस्तू पडते, ती म्हणजे आर्डुइनो या नावाचा, तळहातावर मावणारा फलक होय. त्यावर एक मायक्रोकंट्रोलर बसविलेला असतो. म्हणजे प्रक्रियक, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण करणारी द्वारे ही सर्व एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर सामावून घेतलेला एक लहानसा संगणक. हा फलक घरच्या संगणकास तारेने जोडावयाचा, थोड्याशा ओळींची आज्ञावली लिहावयाची आणि फलकावरील इवलासा दिवा उघडझाप करू लागला की पहिला पाठ संपला. पूर्वी ज्या गोष्टीस अभियांत्रिकीचे दोन सत्रांचे शिक्षण लागे, ती आता शाळकरी मूल एका दुपारी करू शकते. हे साधन २००५ मध्ये उत्तर इटलीतील इव्रेआ या गावी जन्मास आले आणि मास्सिमो बान्झी, डेव्हिड क्वार्तिएयेस, टॉम आयगो, जानलूका मार्टिनो व डेव्हिड मेलिस हे पाच जण त्याचे जनक होत, असे सामान्यतः सांगितले जाते. हे विधान असत्य नाही. परंतु ते अपुरे आहे. आणि त्याचे अपुरेपण हेर्नांदो बार्रागान या कोलंबियन विद्यार्थ्याने त्याच गावी, त्याच संस्थेत लिहिलेल्या एका पदव्युत्तर प्रबंधाशी निगडित आहे. त्या प्रबंधाचे ऋण कोणी, कोठे व किती मानले, हा वाद २०१६ पासून उघडपणे चर्चिला गेला. ज्यांना प्रबंध लिहावयाचे आहेत आणि ज्यांना ते लिहवून घ्यावयाचे आहेत, अशा दोन्ही पक्षांना या वादाकडे काणाडोळा करता येण्यासारखा नाही.

‘हौशी’ या शब्दाविषयी प्रथम थोडेसे. ‘हौस’ हा शब्द अरबी ‘हवस’पासून फारसीच्या वाटेने मराठीत आला, इंग्रजीतील ‘अॅमॅच्युअर’ हा ‘प्रेम करणारा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे आलेला आहे. दोन्ही शब्दांच्या मुळाशी ओढ आहे, आणि दोहोंनाही पुढे कच्चेपणाची छटा चिकटली, ही गोष्ट मौजेची आहे. बिनतारी विद्येच्या पहिल्या पिढीत ही छटा अप्रस्तुत होती. जगदीशचंद्र बसू यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजावर आधारलेल्या ग्राहकासाठी १९०१ मध्ये केलेल्या अर्जावर अमेरिकेतील एकस्व १९०४ मध्ये मिळाले. त्याच जातीचा खनिजाचा खडा आणि त्यावर टेकविलेले तारेचे टोक यांच्या साह्याने पुढील दोन दशके जगभरच्या हौशी मंडळींनी घरोघर ग्राहकयंत्रे जुळविली. त्यांस विजेरीसुद्धा लागत नसे. मुंबईत रेडिओ क्लब ऑफ बॉम्बे या हौशी मंडळाने जून १९२३ मध्ये ध्वनिक्षेपणास प्रारंभ केला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे रीतसर मुंबई केंद्र सुरू झाले ते त्यानंतर चार वर्षांनी, २३ जुलै १९२७ रोजी. म्हणजे आपल्याकडे नभोवाणीचा उंबरठा व्यावसायिकांच्या आधी हौशी लोकांनी ओलांडला.

या हौसेचे पुढे जे झाले त्याचे कारण यंत्राच्या रचनेतच शोधावे लागते. निर्वात नळी अथवा सुटा ट्रॅन्झिस्टर असेपर्यंत मंडल डोळ्यांनी वाचता येत असे. कोणती तार कोठे जाते हे बोटाने दाखविता येत असे. ‘ब्रेडबोर्ड’ हे नाव त्याच काळाचे स्मारक होय. स्वयंपाकघरातील पाव कापण्याच्या लाकडी फळीवर खिळे ठोकून त्यांना तारा गुंडाळण्याची तेव्हा रीत होती; १९७० नंतर डाख न देता तारा खोचता येतील असा छिद्रांचा प्लास्टिक फलक आला, फळी गेली, परंतु नाव राहिले. मंडलांचे एकीकरण होताच स्थिती पालटली. १९७१ मध्ये इंटेल कंपनीचा ४००४ हा प्रक्रियक सुमारे २,३०० ट्रॅन्झिस्टर पोटात घेऊन बाजारात आला; १९७४ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने टीएमएस १००० हा एकाच तुकड्यावरील संगणक विक्रीस काढला; १९७६ मध्ये इंटेलचा ८०४८ व १९८० मध्ये ८०५१ आला. आता मंडलाचे वर्तन तारांत राहिले नाही, ते स्मृतीतील अंकांत गेले. आणि ते अंक आत घालणे हीच हौशी मनुष्यापुढची भिंत ठरली. विकसनासाठी जे तुकडे मिळत त्यांच्या पाठीवर स्फटिकाची एक खिडकी असे. चुकीची आज्ञावली पुसावयाची झाल्यास तुकडा काढून त्या खिडकीवर जंबुपार किरणांचा दिवा वीसेक मिनिटे धरावा लागे, नंतर निराळ्या उपकरणात तो पुन्हा भरावयाचा आणि पुन्हा मंडलात बसवावयाचा. एका स्वल्पविरामाच्या चुकीस अर्धा तास! महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून ज्यांनी ८०८५ च्या प्रशिक्षण-संचावर षोडशमानी अंकांच्या कळा दाबून आज्ञा भरल्या आहेत, त्यांना या भिंतीची उंची निराळी सांगावयास नको.

भिंतीस पहिली खिंडारे १९९० नंतर पडली. पॅरलॅक्स या अमेरिकन कंपनीने १९९२ मध्ये बेसिक स्टॅम्प नावाचा, टपालाच्या तिकिटाएवढा फलक काढला. त्यात बेसिक भाषेचा दुभाष्या आधीच भरलेला असे. विद्यार्थ्याने सोपी वाक्ये लिहावी आणि दुभाष्याने ती एकेक करून अमलात आणावी, अशी योजना होती. १९९३ मध्ये मायक्रोचिप कंपनीचा पिक १६सी८४ आला. त्याची स्मृती विजेनेच पुसता येत असल्यामुळे खिडकी आणि दिवा दोन्ही निकालात निघाले. याच दशकात नॉर्वेतील त्रोन्हेम येथील तंत्रसंस्थेत आल्फ-एगिल बोगेन आणि व्हेगार्ड वोल्लान या दोन विद्यार्थ्यांनी एका नव्या प्रक्रियकाची रचना आखली व पुढे अॅटमेल कंपनीने ती एव्हीआर या नावाने उत्पादनात आणली. एव्हीआर हे ‘आल्फ आणि व्हेगार्ड’ यांच्या आद्याक्षरांचे संक्षिप्त रूप असल्याचे सर्वत्र सांगितले जाते. कंपनीने मात्र या अक्षरांना काही विशेष अर्थ नाही अशीच भूमिका घेतली. ही व्युत्पत्ती खरी मानली तर विद्यार्थ्यांची नावे त्यांच्या कृतीवर कोरली गेल्याचे ते एक विरळ उदाहरण ठरेल.

२

इव्रेआ हे गाव अशा प्रयोगास अनुकूल का ठरले, हे पाहण्याजोगे आहे. कामिल्लो ओलिवेत्ती यांनी १९०८ मध्ये येथे टंकलेखन यंत्रांचा कारखाना काढला. त्यांचे पुत्र आद्रिआनो यांच्या कारकीर्दीत तो केवळ कारखाना राहिला नाही. वास्तुशिल्प, ग्रंथालये, पाळणाघरे, कामगारांची घरे यांनी मिळून एक आदर्श औद्योगिक नगर उभे राहिले. (२०१८ मध्ये युनेस्कोने त्याचा समावेश जागतिक वारशात केला.) ओलिवेत्तीने १९५९ मध्ये एलेआ ९००३ हा संगणक सिद्ध केला होता. परंतु १९६० मध्ये आद्रिआनो आणि १९६१ मध्ये संगणक विभागाचे प्रमुख मारिओ चू असे दोघेही निवर्तले, आणि १९६४ मध्ये कंपनीने आपला इलेक्ट्रॉनिक विभाग अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीस विकला. अशा पडत्या काळात पिएर जोर्जो पेरोत्तो यांच्या लहानशा गटाने प्रोग्रामा १०१ हे टेबलावर ठेवण्याजोगे गणनयंत्र तयार केले व १९६५ मध्ये न्यूयॉर्क येथे ते प्रदर्शित झाले. ४००४ च्या निर्मात्यांपैकी फेदेरिको फाज्जिन यांनीही विशीच्या आत ओलिवेत्तीमध्येच एक लहान प्रायोगिक संगणक बांधला होता, हे येथे जाता जाता नमूद करण्यास हरकत नाही.

२००१ मध्ये टेलिकॉम इटालिया व ओलिवेत्ती यांच्या साह्याने इव्रेआ येथे आंतरक्रिया-अभिकल्पाची एक पदव्युत्तर संस्था स्थापन झाली. गिलियन क्रॅम्प्टन स्मिथ या तिच्या संचालिका होत्या. येथे येणारे विद्यार्थी अभियंते नव्हते. चित्रकार, वास्तुविशारद, अभिकल्पक असे होते. त्यांना हलणाऱ्या, बोलणाऱ्या, स्पर्श ओळखणाऱ्या वस्तूंचे नमुने करावयाचे असत आणि त्यासाठी वर्गात बेसिक स्टॅम्प वापरला जाई. त्याच्या एकेका फलकास सुमारे ५० डॉलर पडत. शिवाय त्याची शक्ती तोकडी होती, आणि संस्थेत बहुतेकांजवळ असलेल्या मॅकिंटॉश संगणकांशी त्याचे नीटसे जुळत नसे. अध्यापक बान्झी यांनी पिक मायक्रोकंट्रोलरवर आधारलेला एक फलक तयार करून पाहिला व त्यास प्रोग्रामा २००३ असे नाव दिले. हे नाव पेरोत्तोंच्या यंत्राला केलेले वंदन होय. गावाची स्मृती नावात कशी झिरपते त्याचा हा नमुना.

दुसरा ओघ अमेरिकेतून आला. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत जॉन माएदा यांनी १९९९ मध्ये चित्रकारांसाठी एक अत्यंत लहान संगणकीय भाषा प्रसिद्ध केली होती. तीपासून स्फूर्ती घेऊन त्यांचे विद्यार्थी केसी रीस व बेन फ्राय यांनी २००१ मध्ये प्रोसेसिंग या साधनाचा आरंभ केला. त्यात आज्ञावलीस ‘आज्ञावली’ म्हणत नाहीत, ‘स्केच’ म्हणतात. आणि सर्व स्केचे ज्या पेटीत राहतात ती ‘स्केचबुक’. शब्दाची ही निवड वरवरची नाही. आज्ञावली चुकते, रेखाटन मोडते, पुन्हा काढले जाते. चुकीची भीती घालविण्याचे अर्धे काम या एका शब्दाने केले, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. रीस पुढे इव्रेआ येथे शिकवावयास आले, आणि २००३ मध्ये बार्रागान यांनी जो विषय प्रबंधासाठी घेतला, त्याचे मार्गदर्शक बान्झी व रीस हे दोघे झाले.

बार्रागान यांचा विचार सरळ होता. प्रोसेसिंगने पडद्यावरच्या चित्रासाठी जे केले, तेच तारा आणि दिवे यांसाठी करावयाचे. आरंभीच्या चाचण्यांनंतर त्यांनी अॅटमेलचा एटीमेगा १२८ हा मायक्रोकंट्रोलर निवडला, त्यासाठी मुक्त रीतीने उपलब्ध असलेला जीएनयू संकलक घेतला, प्रोसेसिंगची लेखनखिडकी आपल्या कामासाठी बदलून घेतली आणि या तिन्हींच्या मध्ये स्वतःचा असा एक शब्दसंग्रह उभा केला. या सर्वांस त्यांनी ‘वायरिंग’ असे नाव दिले. २००४ मध्ये २५ फलक छापून घेऊन संस्थेतील विद्यार्थ्यांकरवी त्यांची परीक्षा झाली, आणि त्याच वर्षी प्रबंध मान्य झाला. त्यानंतर बार्रागान कोलंबियास परतले व बोगोता येथील लोस आंदेस विद्यापीठात अध्यापन करू लागले.

हा शब्दसंग्रह म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एटीमेगा जातीच्या मायक्रोकंट्रोलरला जोडलेला दिवा लावावयाचा असेल, तर अभियंत्याच्या रीतीने प्रथम ‘ब’ द्वाराच्या दिशा-नोंदीतील पाचव्या स्थानी एक हा अंक ठेवावा लागतो आणि नंतर त्याच द्वाराच्या मूल्य-नोंदीतील पाचव्या स्थानी, इतर सात स्थानांना धक्का न लावता, पुन्हा एक हा अंक ठेवावा लागतो. बार्रागान यांच्या रीतीने दोनच वाक्ये पुरतात : ‘पिनमोड’ या क्रियेस सांगावयाचे की, तेरावी पिन बहिर्गामी आहे; ‘डिजिटलराइट’ या क्रियेस सांगावयाचे की, तेरावी पिन उच्च कर. मध्ये थांबावयाचे असल्यास ‘डिले’, आणि कंसात १०००, म्हणजे हजार सहस्रांश सेकंद. पहिल्या पद्धतीत वाक्याचा विषय यंत्राची नोंद आहे. दुसरीत तो माणसाच्या डोळ्यांसमोरची पिन आहे. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर कर्म बदलले. तसेच सी भाषेत प्रत्येक आज्ञावलीस ‘मेन’ या प्रमुख क्रियेची चौकट लागते. वायरिंगने ती दृष्टीआड केली आणि विद्यार्थ्यासमोर दोनच खण ठेवले, एकदाच करावयाच्या गोष्टींसाठी ‘सेटअप’ आणि पुनःपुन्हा करावयाच्या गोष्टींसाठी ‘लूप’. प्रोसेसिंगमधील ‘सेटअप’ व ‘ड्रॉ’ या जोडीचेच हे रूपांतर होय.

या सोयीची किंमत पडतेच. ‘डिजिटलराइट’ ही क्रिया थेट नोंदीत लिहिण्यापेक्षा कितीतरी पटींनी मंद आहे. ‘अॅनलॉगराइट’ हे नाव तर सरळसरळ दिशाभूल करणारे आहे; त्यातून बाहेर पडतो तो चढता-उतरता दाब नसून शून्य आणि पाच व्होल्ट यांमध्ये सेकंदाला काही शेकडा वेळा होणारी आंदोलने असतात, आणि डोळ्याला किंवा मोटारीला त्यांची सरासरी तेवढी जाणवते. अभियंत्यांनी यावर टीका केली ती निराधार नव्हती. परंतु भाषेच्या अभ्यासकास अशा अर्धसत्य नावांचे आश्चर्य वाटू नये. सूर्य ‘उगवतो’ असे आपण कोपर्निकसनंतर पाच शतकांनीही म्हणतो. ज्या गोष्टी मात्र लपविता आल्या नाहीत, त्या तशाच राहिल्या. पिनेतून पाच व्होल्ट मिळतात, तांबडा दिवा सुमारे दोन व्होल्ट घेतो, तेव्हा उरलेले तीन व्होल्ट रोधकाने झेलले पाहिजेत. रोधक २२० ओहमचा असेल तर प्रवाह १४ मिलिअॅम्पिअरच्या आत राहतो, रोधकच विसरला तर दिवा अथवा पिन यांपैकी काहीतरी जळते. ओहमचा नियम कोणत्याही शब्दसंग्रहास वश होत नाही.

३

२००५ मध्ये बान्झी, क्वार्तिएयेस आणि तेव्हा संस्थेत विद्यार्थी असलेले मेलिस यांनी वायरिंगच्या आज्ञावलीत एटीमेगा ८ या स्वस्त मायक्रोकंट्रोलरची सोय केली आणि ती स्वतंत्र शाखा म्हणून पुढे चालविली. तीच आर्डुइनो. एटीमेगा १२८ मध्ये १२८ किलोबाइटची स्मृती होती, परंतु त्याला ६४ बारीक पाय असून तो फलकाच्या पृष्ठावरच डाखावा लागे. एटीमेगा ८ मध्ये स्मृती अवघी ८ किलोबाइट. पण तो २८ पायांच्या लांबट घरात मिळे व खोबणीत नुसता दाबून बसविता येई. नवशिक्याच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे, कारण नवशिका तुकडा जाळतोच. आणि जळलेला तुकडा उपटून त्या जागी दुसरा बसविता आला तर सबंध फलक वाया जात नाही. संस्था बंद होण्याच्या मार्गावर होती. तिच्या मालमत्तेबरोबर हेही काम गोठून पडू नये म्हणून फलकाचे आराखडे सर्वांना खुले करण्याचे ठरले : आज्ञावली जीएनयूच्या परवान्याखाली, आराखडे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या. नाव गावातल्या एका पानगृहावरून घेतले गेले, आणि पानगृहाचे नाव १००२ मध्ये इटलीचा राजा म्हणून अभिषिक्त झालेल्या इव्रेआच्या आर्डुइनोवरून पडलेले होते. दोनच वर्षांत जर्मन राजा दुसऱ्या हेन्रीने त्याचा मुकुट आपल्याकडे ओढला.

येथपर्यंतच्या घटनांविषयी मोठा मतभेद नाही. मतभेद ऋणाविषयी आहे. २०१६ मध्ये बार्रागान यांनी एक दीर्घ निवेदन प्रसिद्ध करून आर्डुइनोचा पाया आपल्या प्रबंधात आहे, असे तपशीलवार मांडले, आणि वायरिंगच्या बरोबरीने काम करण्याऐवजी निराळी शाखा का काढण्यात आली, हा प्रश्न जाहीरपणे विचारला. आर्डुइनोच्या बाजूने वायरिंगचा आधार घेतल्याचे अमान्य करण्यात आलेले नाही. स्वस्त व सुटसुटीत फलक आणि तो जगभर पोहोचविण्याची यंत्रणा यांवर त्या बाजूचा भर राहिला. उभय पक्षांच्या स्मृतींवर विसंबून निवाडा करण्याचे कारण नाही, कारण या ठिकाणी त्याहून भरवशाचा साक्षीदार उपलब्ध आहे. तो म्हणजे पाठ.

हस्तलिखितांचे कूळ ठरविताना समान शुद्ध पाठांपेक्षा समान दोषांना आणि निरुपयोगी होऊनही टिकून राहिलेल्या अवशेषांना अधिक महत्त्व दिले जाते, हे पाठचिकित्सेचे मूलतत्त्व आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम करताना डॉ. वि. सी. सुखठणकर यांनी वाचनांची जी कुळे लावली, त्यांमागे अशाच प्रकारच्या पुराव्याची छाननी होती. तीच दृष्टी येथे लावून पाहावी. आर्डुइनोच्या एव्हीआर जातीच्या गाभ्यातील मुख्य संचिकेचे नाव ‘वायरिंग.सी’ असे आहे. तिच्या शेजारी ‘वायरिंग_डिजिटल’, ‘वायरिंग_अॅनलॉग’ अशा तिच्या बहिणी आहेत. मुख्य संचिकेच्या शिरोभागी, मेलिस यांच्या स्वामित्वाच्या नोंदीसह, ही वायरिंगच्या क्रियासंग्रहाची एटीमेगा ८ करिता केलेली अंशतः रचना होय, अशा आशयाचे निवेदन आहे. प्रत्येक स्केचाच्या माथी जी संचिका आपोआप जोडली जाई, तिचे नाव कित्येक वर्षे ‘डब्ल्यूप्रोग्राम’ असे होते. आर्डुइनो या नावात कोठेही नसलेला हा ‘डब्ल्यू’ वायरिंगचा होय. २०११ च्या अखेरीस आर्डुइनोची १.० ही आवृत्ती निघाली तेव्हा हे नाव बदलून ‘आर्डुइनो’ करण्यात आले, आणि जुन्या नावावर अवलंबून असलेल्या असंख्य आज्ञावल्या एका रात्रीत अडखळू लागल्या. त्या काळात लिहिलेल्या पुष्कळ संग्रहांच्या आरंभी आवृत्ती शंभर किंवा त्याहून नवी असल्यास हे नाव, नसल्यास ते, अशी दुहेरी ओळ अद्याप आढळते.

या पुराव्यावरून दोन निष्कर्ष निघतात आणि ते दोन्ही एकत्र स्वीकारावे लागतात. पहिला असा की, वंश निःसंदिग्ध आहे. विद्यार्थी ज्या शब्दांत लिहितो ते शब्द बार्रागान यांचे. दुसरा असा की, ऋणाची कबुली मुळातच दिलेली होती; परंतु ती अशा ठिकाणी दिलेली होती की जेथे स्केच लिहिणारा हौशी वाचक सहसा पोहोचत नाही, किंबहुना त्याने तेथे पोहोचू नये अशीच त्या साधनाची रचना आहे. प्रस्तावनेत द्यावयाचा ऋणनिर्देश तळटीपेत दिला तर तो खोटा ठरत नाही, पण त्याचे वजन बदलते. मुक्त परवान्याने शाखा काढण्याची मोकळीक दिली होती, म्हणून कायद्याच्या दृष्टीने येथे अतिक्रमण नाही. विद्यापीठीय व्यवहारातील ऋणनिर्देश मात्र परवान्यातून उद्भवत नाही. मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्या नात्यातून तो उद्भवतो, आणि या प्रकरणात ते नाते होते. बार्रागान यांच्या तक्रारीचा हा भाग टाळता येत नाही. उलट, वायरिंगचा ६४ पायांचा फलक तसाच राहता तर तो इतक्या हातांत गेला असता असे मानावयास फारसा आधार नाही. स्वस्ताई, खोबणी आणि खुले आराखडे ही आर्डुइनोच्या गटाची कामगिरी गौण नव्हे. आणि न्याय पुरता करावयाचा तर प्रोसेसिंग, जीएनयूचा संकलक आणि त्रोन्हेमचे दोघे विद्यार्थी यांनाही या कुळात जागा द्यावी लागेल.

दोषांच्या टिकाऊपणाचे एक उदाहरण फलकावरच पाहावयास मिळते. फलकाच्या कडेने जी छिद्रे आहेत त्यांतील अंतर एक-दशांश इंच असते. परंतु सातवी व आठवी पिन यांच्यामधील अंतर मात्र ०.१६ इंच आहे. आराखडा काढताना झालेली ही चूक. ती ध्यानात येईपर्यंत फलकावर चढविण्याचे जोडफलक, ज्यांना ‘शील्ड’ म्हणतात, तयार होऊ लागले होते. तेव्हा चूक सुधारणे म्हणजे ते सर्व निकामी करणे ठरले असते. परिणामी २०१० च्या उनो फलकातही ती कायम राहिली आणि ज्यांनी आर्डुइनोची नक्कल केली त्यांनीही ती इमानाने उचलली. शुद्धलेखनाच्या इतिहासात असे प्रकार पावलोपावली दिसतात.

४

सर्व काही खुले करताना एक गोष्ट मात्र राखून ठेवलेली होती : नाव. फलक कोणीही बनवावा, पण त्यास आर्डुइनो म्हणू नये. २००७ च्या फलकास ‘दिएचिमिला’, म्हणजे दहा हजार, हे नाव तितके फलक बनल्याच्या आनंदात दिले गेले. त्या आनंदाच्या पाठोपाठ नावाची किंमतही वाढली. २००८ मध्ये पाचही संस्थापकांनी अमेरिकेत आर्डुइनो एलएलसी ही कंपनी स्थापिली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फलकांचे उत्पादन करणाऱ्या मार्टिनो यांच्या कंपनीने इटलीत तेच नाव नोंदविले. २०१५ मध्ये हा तंटा न्यायालयात गेला. काही काळ अमेरिकेबाहेर ‘जेनुइनो’ या नावाने फलक विकावे लागले, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये उभयतांत समेट झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉम या अमेरिकन कंपनीने आर्डुइनो विकत घेत असल्याची घोषणा केली.

आपल्याकडे नावाचे झाले ते निराळेच. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ‘एक आर्डुइनो द्या’ म्हटले असता जो फलक पुढे येतो तो पुष्कळदा मूळ कंपनीचा नसतो. त्यावर सीएच३४० हा स्वस्त यूएसबी तुकडा असतो आणि किंमत मूळच्या एखाद्या अंशाएवढी. विकणारा व घेणारा दोघेही हे जाणून असतात आणि त्यात कोणास लबाडी वाटत नाही. ‘झेरॉक्स’ ज्याप्रमाणे मराठीत कंपनीचे नाव न राहता क्रियेचे नाव झाले, त्याच मार्गाने हे विशेषनाम सामान्यनाम होत चालले आहे. नीती आयोगाच्या अटल नवप्रवर्तन अभियानाने २०१६ पासून देशभर शाळांतून ज्या प्रयोगशाळा उभारल्या, त्यांच्या साहित्याच्या यादीतही हा फलक आहे, आणि त्यामुळे महाराष्ट्रातील अनेक मुलांची इलेक्ट्रॉनिकीशी पहिली ओळख त्याच्याच द्वारे होते. ‘आर्डुइनोची भाषा’ असा शब्दप्रयोगही शिकविताना सर्रास केला जातो. काटेकोरपणे पाहता अशी निराळी भाषा नाही. सी++ आणि तिच्यावर चढविलेला वायरिंगचा शब्दसंग्रह, एवढेच तिचे स्वरूप आहे.

या शब्दसंग्रहाचा प्रसार मात्र आर्डुइनोच्या फलकापुरता राहिला नाही. एस्प्रेसिफ या चिनी कंपनीचा बिनतारी जाळ्याशी बोलणारा इएसपी८२६६ हा तुकडा २०१४ मध्ये आला, आणि हौशी मंडळींनी लवकरच त्यासाठी तोच क्रियासंग्रह सिद्ध केला. २०२१ मध्ये रास्पबेरी पाय पिको हा सर्वस्वी निराळ्या जातीचा मायक्रोकंट्रोलर-फलक निघाला. त्याच्या बाबतीतही तेच घडले. त्या तुकड्यांतील नोंदी वेगळ्या, द्वारे वेगळी, विजेचा दाबही पाच व्होल्ट नसून ३.३ व्होल्ट, पण विद्यार्थ्याने लिहावयाचे शब्द ‘पिनमोड’, ‘डिजिटलराइट’, ‘डिले’ हेच, २००४ च्या प्रबंधातले.